शिंप्याचं माप

ताईच्या त्या पत्राला उत्तर गेलं नाही, याचं खापर मास्तरांनी आधी पेनावर फोडलं, मग हातातल्या कामावर, आणि काहीच जमेना तेव्हा टपालखात्यावरसुद्धा फोडून पाहिलं. पण मनातल्या मनात त्यांना ठाऊक होतं की पेन चालू होतं, टपाल चालू होतं, आणि पत्र इतक्यांदा वाचून झालं होतं की घडीवर कागद विरायला लागला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कोट-पँटी शिवणारे मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं: एक मशीन, एक कापड बेतायचं टेबल, एक आरसा, आणि दोऱ्यांच्या रिळांमागे लपवलेली चार पुस्तकं. माणूस अबोल. गिऱ्हाईक नसलं की पुस्तकात तोंड घालून बसायचे, आणि गिऱ्हाईक आलं की चोरी पकडल्यासारखे दचकायचे. अंगाने इतके बारीक की जोराचा वारा सुटला की मास्तर दाराची कडी धरून उभे राहतात, अशी गल्लीत थट्टा चालायची. मास्तरांना ती थट्टा आवडायची. बारीक असणं ही त्यांची आयुष्यातली एकमेव मिजास होती. औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यावर ते अधूनमधून उभे राहत, आणि लग्नाच्या वेळचा आकडा तसाच दिसला की खाली उतरताना कॉलर सरळ करत.

ताई ही त्यांची थोरली बहीण, दूर दुसऱ्या गावी राहणारी. ती पहिल्यापासून गोलमटोल. लहानपणी मास्तर तिला ‘गादी’ म्हणायचे आणि ती त्यांना ‘काडी’. पुढे दोघांचे केस पिकले तरी हे सुटलं नाही. तिला अलीकडे ऐकू कमी यायचं. फोनवर बोलायला गेलं की दोघं इतकी ओरडत की शेजाऱ्यांना वाटे, इस्टेटीचं भांडण चाललंय. म्हणून पत्रं. दर महिन्याला तिचं जाडजूड पाकीट यायचं आणि मास्तर ते मशीनवर पाय ठेवून, चहात बिस्किटं बुडवत, हसत हसत वाचायचे.

मागच्या वर्षीचं पत्र मात्र पातळ होतं.

‘काडीपैलवान,’ तिने लिहिलं होतं, ‘मला नव्या डॉक्टरणीने तपासलं. गुडघे वाईट, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठीक. मग तिने आपल्या बाबांचं विचारलं. मी सांगितलं, हृदयाने गेले, कापड बेतताना, उभ्या उभ्या, हातात खडू होता. ती म्हणाली, जाड होते का? मी म्हटलं, छे, वाळकी काटकी, फक्त पोट तेवढं पुढे, दोरीला गाठ मारल्यासारखं. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, आता घरात तसं कोण दिसतं? मी तुझं नाव सांगितलं. तर तू जाऊन तपासून घे. काय निघेल ते मला लिही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी दुसरं पत्र लिहिणार नाही. मी किती हट्टी आहे ते तुला माहीत आहे.’

माहीत होतं. आणि तसंच झालं. एक महिना गेला, दुसरा गेला, पाकीट आलं नाही. टपालवाला दुकानावरून मान खाली घालून जायला लागला, जणू त्याचाच गुन्हा होता. मास्तर लिहायला बसत. ‘मी ठणठणीत आहे’ असं लिहीत आणि कागद चुरगळत, कारण तपासल्याशिवाय तसं लिहिणं खोटं होतं, आणि ताईला खोटं त्यांच्या अक्षरावरून कळायचं. तपासायला जावं तर पाय दवाखान्याच्या वळणावरूनच परत फिरायचे. बाबा गेले ते वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं. जे इतकी वर्षं निघालं नाही, ते मुद्दाम कशाला खोदून काढा? शिवाय बारीक माणसाला काय व्हायचंय? मग बाबा आठवायचे, आणि मास्तर पुस्तक उघडायचे.

बायकोने दोन-तीनदा हटकून पाहिलं. मास्तरांचं ठरलेलं उत्तर असे: या हंगामाचं काम उरकू दे. शिंप्याचा हंगाम कधी उरकत नाही, हे बायकोला कळत होतं. पण भावाबहिणीच्या पत्रात आपण नाक खुपसायचं नाही, असं तिने लग्नानंतर लगेच ठरवलं होतं आणि ती शब्दाची पक्की होती.

अशात गायनमंडळाच्या पँटी आल्या.

मास्तर गावच्या गायनमंडळात शेवटच्या रांगेत उभे राहून गायचे. आवाज बेताचा, पण सूर पक्का. अलीकडे लांब ओळीला दम पुरायचा नाही, तेव्हा ते नुसतं तोंड हलवत आणि कापडाच्या धुळीला दोष देत. मंडळाचा मोठा कार्यक्रम ठरला आणि सगळ्या पुरुषांना एकसारख्या काळ्या पँटी हव्यात असं निघालं. काम अर्थातच मास्तरांकडे आलं. एकट्याला ते झेपेना, म्हणून निम्म्या पँटी त्यांनी समोरच्या दुकानात पहाडकडे दिल्या.

पहाड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंचीने दाराएवढा आणि रुंदीने जवळपास तेवढाच, म्हणून पहाड. हा पूर्वी मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता, मग रस्ता ओलांडून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्याला दिलेल्या ढिगात मास्तरांनी स्वतःचीही पँट ढकलली. दुसऱ्यांचं शिवता शिवता आपलं राहून जातं, हा जुना अनुभव होता. माप पहाडने विचारलं तेव्हा मास्तरांनी कमरेचा आकडा तोंडपाठ सांगितला. लग्नाच्या सुटाचा होता तोच. तो कशाला बदलेल? वजन बदललं नव्हतं.

पहाडकडून पँटी शिवून आल्या त्या सकाळी मास्तरांनी पडद्याआड जाऊन आपली घालून पाहिली. मांडीपर्यंत ती झकास बसली. मांडीला तर ढगळच होती. पण वरचं बटण आणि काज एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हती. मास्तरांनी श्वास ओढला, पोट आत घेतलं, टाचा उंचावल्या. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं वैर तसंच राहिलं.

मास्तरांना फार क्वचित राग येई. आला की त्यांना तो नीट वापरता येत नसे. ते पँट हातावर टाकून तरातरा रस्ता ओलांडून गेले आणि पहाडच्या दुकानात शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. आत एक बाई मुलाचा गणवेश घ्यायला बसली होती. मास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की, मी तुला कापड बेतायला शिकवलं ते असं चोरायला नव्हे.

पहाडने इस्त्री बाजूला ठेवली. पँट टेबलावर पसरली, टेप काढला, कमर मोजली आणि टेप मास्तरांच्या नाकासमोर धरला. सांगितला होता तोच आकडा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

“माप बरोबर आहे, मास्तर,” तो म्हणाला. “हात वर करा.”

“कशाला?”

“माणूस तपासून बघू.”

गेल्या कित्येक वर्षांत मास्तरांना कुणी टेप लावला नव्हता. टेप लावणारे तेच होते. त्यांनी आज्ञाधारक गिऱ्हाइकासारखे हात वर केले आणि छताकडे बघत राहिले. पहाडने बेंबीवरून टेप फिरवला. आता हा आकडा बाईसमोर बोलणार, म्हणून मास्तरांचे कान लाल झाले. पण पहाडने तोंड उघडलं नाही. टेबलाच्या कडेला खडूने आकडा लिहिला, आणि त्यावर आपला रुंद पंजा ठेवला. पोटाचं माप चारचौघांत बोलायचं नाही, खडूने लिहायचं आणि झाकायचं, ही शिकवण मास्तरांचीच. पंजा जरासा उचलून त्याने फक्त मास्तरांना दाखवलं, आणि पुसून टाकलं.

बाई गणवेश घेऊन गेली. मग पहाड म्हणाला, “आता अंगावर आहे ती पँट जरा मागून बघू का?”

त्याने कमरपट्टी उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीत शिंपी जास्तीचं कापड ठेवतात, पुढेमागे सैल करायला. त्याला ते माया म्हणतात. मास्तरांच्या पँटीत ही माया जवळपास संपली होती. जुन्या शिवणी उसवल्याच्या रेघा एकीशेजारी एक दिसत होत्या, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसाव्यात तशा.

“ही किती वेळा उसवलीत?” पहाडने विचारलं.

मास्तर म्हणणार होते की धुतल्यावर कापड आटतं. दरवेळी ते स्वतःला हेच सांगत. कुठल्याही दुसऱ्या माणसाला त्याच्या पोटाची खबर पट्ट्याचं भोक देतं, नाहीतर तुटलेलं बटण देतं. शिंप्याचं तसं नाही. पँट आवळली की तो जाता जाता मशीनवर बसतो, शिवण उसवतो, पुन्हा घालतो, आणि विसरतो. कापड इतकं आज्ञाधारक असतं की ते तक्रार करत नाही.

पण ‘आटतं’ हा शब्द ओठांवर आला आणि मास्तर तिथेच थांबले. तो शब्द त्यांचा नव्हता. ते शिकाऊ होते तेव्हा बाबांच्या पँटी सैल करायचं काम त्यांच्याकडे असे. मागची शिवण उसवायची आणि थोडी बाहेरून घालायची. आणि बाबा दरवेळी म्हणायचे, बघ, कापड पुन्हा आटलं.

पहाडने त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. मग म्हणाला की या नव्या पँटीत त्याने भरपूर माया ठेवली आहे, संध्याकाळपर्यंत सैल करून देतो. “पण मास्तर, मी कापडच सैल करू शकतो.”

दुपारी मास्तरांनी दुकान बंद केलं. बायकोला वाटलं, जेवायला आले. ते दारातच उभे राहून म्हणाले, “तपासायला जायचंय. तू येतेस का बरोबर?” बायकोने चपला घातल्या. का, कसं, एक अक्षर विचारलं नाही. फक्त गॅस बंद केला का ते बघायला परत आत जाऊन आली.

दवाखान्यात मात्र गंमत झाली. बायको अंगाने भरलेली. परिचारिकेने दोघांकडे एकदा पाहिलं, बायकोला खुर्चीत बसवलं आणि रक्तदाबाचा पट्टा तिच्याच दंडाला गुंडाळला. मास्तर संकोचून भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. पट्टा फुगायला लागला तेव्हा बायको म्हणाली, “बाई, माझा बघितलात तरी हरकत नाही. पण आजारी पडायची हौस यांना आहे.” परिचारिका मास्तरांकडे वळली आणि म्हणाली, हे? यांना काय झालंय?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी वजन केलं. ते नेहमीचंच निघालं, आणि मास्तरांना उगाचच आशा वाटली. मग त्यांनी पोट मोजायला टेप घेतला. टेपला पीळ पडला होता. मास्तरांना राहवेना, त्यांनी हळूच बोटाने पीळ सोडवला आणि माफी मागितली. नंतर अनवाणी एका यंत्रावर उभं राहून दोन मुठी धरायच्या होत्या. शरीरात चरबी किती आणि स्नायू किती याचा अंदाज ते यंत्र सांगत होतं. रक्त दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दिलं. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. निकाल येईपर्यंत मास्तरांनी जी कादंबरी वाचली, तिच्यातलं त्यांना पुढे एक पानही आठवलं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी चांगलं सांगितलं: हृदयाचा आलेख ठीक होता. मग बाकीचं. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली. रक्तातली चरबी वाढलेली. रक्तदाब किंचित वर. यंत्राच्या हिशेबाने अंगात चरबी बरीच जास्त, आणि बरीचशी पोटात, आतल्या अवयवांभोवती.

मास्तर म्हणाले की वजन तर तेवढंच आहे. बाईंनी समजावलं की काटा सगळं एकत्र तोलतो. तुम्ही आयुष्यभर बसून काम केलंत, हातापायांचे स्नायू वर्षानुवर्षं झिजत गेले, आणि जेवढे झिजले तेवढी चरबी पोटात येऊन बसली. आकडा तसाच राहिला, म्हणून तुम्हालाही कळलं नाही आणि बघणाऱ्यालाही नाही. अशा माणसांना कुणी हटकत नाही, तीच पंचाईत. जाड माणसाला निदान जो तो सल्ला देतो.

मास्तर मान डोलावत होते. कापडाचा गठ्ठा तोलला तर आत लोकर आहे की चिंध्या ते थोडंच कळतं, असं त्यांच्या मनात आलं. तोंडाने मात्र विचारलं तेवढंच, की उशीर झालाय का.

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “अजून सगळं वळवता येईल असं आहे. पण वळवायचं तुम्हाला आहे.”

रोज चालायचं. आठवड्यातून काही वेळा वजन उचलायचं, म्हणजे स्नायू परत येतील. तासन्तास बसायचं नाही. साखर कमी, बिस्किटं बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. वजन उचलायचं म्हटल्यावर मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू वाचव म्हणताहेत. बायको खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती.

मग घरात नवं राज्य सुरू झालं. बिनसाखरेच्या पहिल्या चहाला मास्तर म्हणाले की हे इस्त्रीचं पाणी आहे, आणि पिऊन टाकला. मशीनशेजारी त्यांनी उंच स्टूल आणून काजं-बटणं उभ्याने करायला सुरुवात केली. सकाळी पहाड दारात हजर व्हायचा. त्यालाही डॉक्टरांनी चालायला सांगून बरीच वर्षं झाली होती, पण एकट्याने चालायची त्याला लाज वाटायची. एक काडी आणि एक डोंगर नदीकाठाने चाललेले बघून लोक वळून बघायचे. चढावर दोघांनाही धाप लागायची. मास्तरांची आधी. दुकानात कापडाचे गठ्ठे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर जायचे आणि दुपारी परत खाली यायचे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, मास्तर, दुकान हलवताय की काय? मास्तर म्हणाले, नाही, मालक हलवतोय. आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच लाजले.

गायनमंडळाच्या कार्यक्रमात मास्तर सैल केलेली पँट घालून शेवटच्या रांगेत उभे राहिले. लांब ओळीला दम अजूनही पुरला नाही. मात्र या वेळी त्यांनी नुसतं तोंड हलवण्याऐवजी सरळ श्वास घेतला आणि पुढच्या ओळीला सगळ्यांबरोबर सुरू झाले.

एवढं सगळं झालं, तरी पत्र गेलं नव्हतं.

मास्तरांचा बेत साधा होता. तीन महिने जाऊ द्यायचे. आकडे खाली आले की ताईला लिहायचं, सगळं ठीक आहे. तेव्हा ते खोटंही नसेल. आयुष्यभर जिला गादी म्हणून चिडवलं, तिला ‘माझ्यापेक्षा तूच बरी’ असं कुठल्या तोंडाने लिहायचं? एका संध्याकाळी त्यांनी हे बायकोला बोलून दाखवलं. ती कांदा चिरत होती. चिरता चिरता तिने लग्नानंतरचा तो जुना नियम मोडला.

“ताई काय तुमच्या रक्ताच्या आकड्यांसाठी थांबल्यात? बाबा सांगून गेले नाहीत, तुम्ही तरी सांगाल म्हणून थांबल्यात. वर्ष झालं. त्यांना वाटत असेल, काहीतरी वाईट निघालं आणि हा लपवतोय. त्यांना रात्री झोप येत असेल का?”

मास्तरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आपण ताईचं पत्र यायची वाट बघतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. पलीकडे तीही दर महिन्याला टपालवाल्याची वाट बघत असेल, आणि प्रत्येक रिकामा दिवस तिला काय सांगत असेल, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना खुर्चीत नीट बसवेना. ते उठले. कांद्याच्या वासातच, स्वयंपाकघराच्या टेबलावर, त्यांनी लिहायला घेतलं, आणि पहिल्यांदाच कागद चुरगळला नाही.

‘ताई,

तुझं म्हणणं खरं निघालं. मी बाबांवरच गेलोय, पोटासकट. साखर उंबरठ्यावर आहे, रक्तात चरबी आहे, दाब थोडा वर आहे. हृदय अजून धड आहे. डॉक्टरीण म्हणते वेळेत आलो. वेळेत आलो ते तुझ्यामुळे नव्हे, कारण तुझं मी ऐकलं नाही; पण तू लिहिलं नसतंस तर पहाडने टेप लावला तेव्हा मला बाबा आठवले नसते. बाबा म्हणायचे कापड आटलं. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो. कापड आटत नव्हतं, ताई.

रोज चालतो. गठ्ठे उचलतो. हसू नकोस. बिस्किटं बंद आहेत, यावर मात्र थोडं रडलीस तरी चालेल. पुढच्या तपासणीत काय निघेल ठाऊक नाही. जे निघेल ते लगेच लिहीन, चांगलं असो की वाईट. तुझे गुडघे कसे आहेत? तू काहीच कळवलं नाहीस, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. आता आहे.

तुझा काडी (फक्त बाहेरून)’

सकाळी फिरायला निघताना पाकीट खिशात होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी मास्तर थांबले. पहाड दोन पावलं पुढे जाऊन उभा राहिला. मास्तरांना वाटलं, ‘पोटासकट’ हा शब्द जरा उघडा झाला. तो खोडून पुन्हा लिहावं का? शेवटचा कंसही नको होता. आणि अक्षर किती वाकडं आलंय. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं, मागे घेतलं, पुन्हा धरलं.

“मास्तर,” पहाड म्हणाला, “घाम निवतोय.”

मास्तरांनी बोटं सोडली. पाकीट आत सरकलं आणि तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला. मग ते पहाडला गाठायला झपाझप चालू लागले.